जांभळीचा थांबा

सकाळी वळण घेऊन वेल्ह्याची मुक्कामाची गाडी समोर आली, तेव्हा आक्काबाईच्या तीन म्हशी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. ड्रायव्हर मानसिंगने हॉर्न वाजवला. म्हशींनी कान हलवले. त्याने पुन्हा, जरा लांबवून वाजवला, तेव्हा मोगरी नावाची थोरली म्हैस सरळ खाली बसली.

आक्काबाई जांभळीखाली काठी टेकून उभी होती. शेजारी सून आरती, खांद्याला पर्स, हातात डबा. आरती दिवाळीपासून हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला जात होती आणि तिचं आक्काबाईला कोण कौतुक! पण हल्ली गाडी जांभळीपाशी थांबत नव्हती. वरच्या गावच्या लोकांनीच ड्रायव्हरच्या मागे धोशा लावला होता, की वस्तीवस्तीला थांबत गेलं तर नसरापूरला पुढची गाडी हुकते. पहाटेच्या अंधारात सुनेला रानातून एकटीला धाडवत नव्हतं, आणि उजाडल्यावर निघावं तर पुढचं गाव गाठेपर्यंत गाडी निघून गेलेली. काल सुपरवायझरने सांगितलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर परत येऊ नको.

खिडकीतून हनुमंतने डोकं बाहेर काढलं. हा वरच्या गावचा, नसरापुरात मोबाईलच्या दुकानात कामाला. थांबा बंद करण्यात पुढाकार त्याचाच.

“आक्काबाई, म्हशी हाका की. पुढची गाडी चुकंल आमची.”

“हाकते रं बाबा. पर त्यांना घाई ठावं न्हाई. वस्तीची जनावरं हायती.”

मानसिंग खाली उतरला. माणूस वाईट नव्हता, पण रोज वीस जणांची बोलणी खाऊन कंटाळला होता. “मावशी, हितला थांबा बंद झालाय. लोकांनीच बंद करायला लावला, म्या काय करू?”

“थांबा बंद झालाय व्हय?” आक्काबाईने गाडीच्या चाकांकडे पाहिलं. “मंग ही गाडी हितं काय करती?”

आत कुणीतरी फिसकन हसलं. हनुमंत उखडला. “एका मानसापायी सगळ्या गाडीनं खोळंबायचं का? असं करून करूनच उशीर हुतो.”

 गाडीवाल्यांनी पोलिसात दिलं तर, म्हशी जप्त केल्या तर, काय काय आक्काबाईच्या मनात येऊन गेलं होतं. हनुमंतच्या त्या बोलण्याने भीती कुठल्या कुठे पळाली आणि नुसता संताप उरला.

“हनुमंता, तुजा चहा सरंस्तवर गाडी उभी असती. दुधाच्या किटल्या चढंस्तवर उभी असती. कुनाचा पावना वाटंत असला, तरी उभी असती. आमची आरती सांगती मला समदं. त्याला कुनी उशीर म्हनत न्हाई. माजी सून दोन पायऱ्या चढली, की तेवढा उशीर व्हय?”

 हनुमंतने डोकं आत घेतलं. पुढच्या सीटवर बसलेली बनाबाई, त्याच्याच गावची, बाजाराची पाटी बाजूला सारून उठली. “खरं हाय तिचं. आजबी तुज्या चहापायी बसलो हुतो आमी,” असं हनुमंतला म्हणत तिने दाराची कडी काढली. “चढ गं पोरी.”

आरती जागची हलेना. “आत्या, आन् म्हशी?”

“म्हशीचं मी बगते. तू चढ.”

आरती चढली. हॉर्न लांबवायला मानसिंगला लागला होता, तेवढाही वेळ तिला लागला नाही. मग आक्काबाईने काठी न उगारता जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. मोगरी उठली आणि तिन्ही म्हशी मुकाट्याने गवतात उतरल्या.

मानसिंग बघतच राहिला. “म्हंजी हलत हुत्या की! उद्याबी हितंच उभ्या करनार काय मावशी?”

“ते तुमी ठरवा. सुनेला चढाय लागतो तेवढा येळ द्या, न्हाईतर म्हशीला उठाय लागतो तेवढा द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा होता. जांभळीखाली आरती एकटीच उभी होती आणि तिने गाडीला हातसुद्धा केला नाही. मागे खोडाला मोगरी बांधलेली होती. दावं मात्र आक्काबाईने चांगलं लांब सोडलं होतं, रस्त्याच्या मधोमध पोचेल एवढं.