गच्चीवरचे झेंडे

"चुकलं," श्यामकांत बाल्कनीत उभे राहून स्वतःशीच म्हणाले. "पुन्हा उलटं."

रस्त्यापलीकडच्या टॉवरच्या गच्चीवर लाल-पिवळे झेंडे हलत होते. झेंडेवालं पोर बारीक चणीचं होतं. टोपी कपाळावर ओढलेली, गळ्यात स्काऊटचा रुमाल. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना एवढ्या लांबून चेहरा काही दिसत नव्हता, पण झेंडे स्वच्छ दिसत होते. हातांची एक खूण म्हणजे एक अक्षर. फक्त हे पोर प्रत्येक खूण आरशात बघितल्यासारखी करायचं. डाव्या हाताचं काम उजव्याने, उजव्याचं डाव्याने. श्यामकांतांना प्रत्येक अक्षर मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागे.

आजची बातमी त्यांनी जुळवली. होडी रंगवून झाली. पवईला वल्ह्यांच्या शर्यतीत आपण तिसरे.

तिसरे म्हणजे काय नंबर झाला, असं पुटपुटत त्यांनी आपले झेंडे उचलले आणि उत्तर दिलं, शाबास. भांडुपच्या या घरात त्यांच्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. शेवंतीबाई पोळीभाजी करून जायच्या, पण त्या बोलायच्या कुकरशी.

बंदरातली नोकरी सांभाळून श्यामकांतांनी सी स्काऊटचं पथक उभं केलं होतं. दर रविवारी पवई तलावाकाठी पोरं जमायची. झेंडे शिकवताना त्यांचा नियम ठरलेला. पोरांनी त्यांच्या पाठीमागे रांगेत उभं राहायचं आणि त्यांची पाठ बघून तसेच हात करायचे. समोर उभं केलं की डाव्याचं उजवं होतं, आणि एकदा हाताला लागलेलं वळण जन्मभर सुटत नाही. आपल्या रांगेतलं एकही पोर उलटं शिकलं नाही, याचा त्यांना भारी तोरा होता.

निवृत्त झाले तेव्हा पथकाने शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली आणि मग जो तो आपल्या व्यापाला लागला. कुणी बोलावलं नाही म्हणून हे रुसले, आणि हे फोन करत नाहीत म्हणून तिकडेही कुणी केला नाही. असे रुसवे म्हातारपणी फार महाग पडतात.

रुसव्याची खोड तशी जुनीच होती. बायको लवकर गेली. मुलीला, माधुरीला, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून रविवारी तलावावर बरोबर न्यावं लागे. ती कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसायची आणि मलाही घ्या म्हणून मागे लागायची. हे मुलांचं पथक आहे, असं सांगून ते तिला गप्प करायचे. पुढे तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं, मुलगा दुसऱ्या जातीचा निघाला, आणि श्यामकांतांनी तोंडाला येईल ते सुनावलं. या घरात पाऊल ठेवायचं नाही. माझ्याशी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. माधुरी बापासारखीच हट्टी, तिने दोन्ही पाळलं. आता त्या बोलण्याचा त्यांना रोज पश्चात्ताप व्हायचा. फोन हातात घ्यायचे, नंबरापर्यंत जायचे आणि खाली ठेवायचे.

झेंडे माळ्यावरून निघाले ते खांद्यापायी. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितले होते, आणि रिकामे हात हलवायची त्यांना लाज वाटायची. रोज सकाळी ते बाल्कनीत उभे राहून अक्षरं गिरवू लागले. एका शनिवारी समोरच्या गच्चीवरून उत्तर आलं. पथक मजेत आहे, सर.

त्या दिवशी ते चहा प्यायचा विसरले. तेव्हापासून शनिवारी ते लवकर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत हजर असायचे. कोण नवीन आलं, कुणाला पोहायची भीती वाटते, सगळं कळायचं. पोर गच्चीवरून उतरलं की घर पुन्हा खायला उठायचं. त्यांना एकच हवं होतं. कुणीतरी या म्हणावं.

आज झेंडे थांबून पुन्हा हलले. पुढच्या महिन्यात मनोरीच्या खाडीत शिबिर. तुम्ही याल?

श्यामकांतांनी झेंडे खुर्चीवर ठेवले. मग सगळा रुसवा गुंडाळून त्यांनी प्रबुद्धला फोन लावला. एके काळी त्यांच्याच रांगेत उभा राहणारा प्रबुद्ध आता पथक चालवत होता.

"येतो रे मी मनोरीला," ते म्हणाले. "पण तुझ्या त्या झेंडेवाल्याला आधी माझ्या मागे उभा कर. समोर ठेवून शिकवलंस ना त्याला?"

"कुठला झेंडेवाला, सर?"

समोरच्या गच्चीवरचा, असं त्यांनी सांगितलं. प्रबुद्ध गोंधळला. झेंडे आता कुणी शिकत नाही, मुलांकडे वॉकीटॉकी आहेत, आणि भांडुपचं तर एकही मूल पथकात नाही, असं तो म्हणाला.

"मग मनोरीचं मला कुणी सांगितलं?"

"तेच मी विचारणार होतो, सर. मुलांना अजून सांगितलंच नाही. काल फक्त पालकांची मीटिंग झाली."

श्यामकांतांनी फोन ठेवला. समोरचं पोर झेंडे खाली धरून उत्तराची वाट बघत होतं. त्यांनी आपले झेंडे उचलले, पण हात वर जाईनात. रांगेतली सगळी पोरं त्यांची पाठ बघून शिकली होती. त्यांना समोरून बघणारं एकच पोर होतं, आणि ते डबा मांडीवर घेऊन कठड्यावर बसायचं.