असुरक्षित फोन

"मी तुमच्यासमोर उभी आहे, सर!"

"हजेरीच्या ॲपमध्ये नाही आहात," प्राचार्य म्हणाले. "बावीस दिवस गैरहजर. यादी संस्थेकडे गेली की करार संपला तुमचा."

जुईली अमरावतीच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायची. फोनमधलं कंपनीचं सगळं तिनं उपसून फेकलं होतं आणि मुक्त सॉफ्टवेअर बसवलं होतं. ओळ न् ओळ कोणीही उघडून वाचावी, बदलावी, असं. सहा महिने त्यात गेले. कॅमेरा आंधळा झाला. बँकेचं ॲप बंद पडलं. नेटवर्कच्या चिपमध्ये तर कंपनीचा कोड अजून दडी मारून बसलेला, काही केल्या निघेना. तरी ती हटली नाही. आता हे हजेरीचं ॲप. रोज सकाळी एकच थोबाडीत: 'तुमचा फोन असुरक्षित आहे.' ज्या फोनमध्ये लपवलेलं जवळपास काहीच नव्हतं, तोच चोर ठरला.

"त्या ॲपच्या आत काय चालतं, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"काहून डोकं खाता, मॅडम? एक साधा फोन घ्या अन् नत्थुजीजवळ देऊन टाका. सगळ्यांनी दिला."

दहाला दोन मिनिटं कमी होती. ती तरातरा शिपायाच्या खोलीत गेली. नत्थुजींनी पत्र्याची पेटी उघडली. आत ओळीनं फोन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. फोन कॉलेजच्या आवारात आहे, एवढंच ॲप बघत होतं. माणूस कुठं आहे, हे त्याला विचारायचंच नव्हतं. नत्थुजी एकेक बटण दाबत गेले. हजर. हजर. हजर. स्टाफरूममध्ये तेव्हा दोन माणसं होती.

"अर्धे लोक अकोल्याहून बारा वाजता येतात, नत्थुजी!"

"मंग? फोन तं टायमावर हाये ना!"

पुढचा फोन. गजेंद्र सर. हजर.

जुईलीनं नत्थुजींचा हातच धरला. "हा काहून दाबला?"

"बंद करा म्हून वरून कागद नाई आला नं, मॅडम."

उद्या गजेंद्र सरांची तेरवी होती.