टाकी क्रमांक चारचा वास

“साहेब, टाकीतले जंतू मेलेत. आजचा माल इस्पितळात धाडू नका,” कारखान्यातल्या कामगार द्वारकाबाई चोगले ठासून म्हणाल्या.

“मावशी, मीटर व्यवस्थित आहे,” नाकावरचा रुमाल सावरत नवा इंजिनियर हसला. त्या जंतूंच्या रसात कोळंबीची टरफलं विरघळत आणि भाजलेल्या माणसांसाठी त्यातूनच नवी कातडी तयार होई.

“मग झाकण उघडा.”

त्यानं उघडलं. टरफलं जशीच्या तशी होती. तो ओशाळला. “तुम्हाला कसं कळलं?”

“वासावरून. चाळीस वर्षं कोळंबी सोललीय मी. एसटीत माणसं शेजारून उठून जायची.” द्वारकाबाईंनी ताठ मानेनं पदर खोचला.

“मला शिकवाल?”

“शिकवीन की. आधी तो रुमाल काढ.”