चारशे बारा नंबरचं झाड

जंगलाच्या या तुकड्यातल्या प्रत्येक झाडावर सरांनी वीस वर्षांपूर्वी नंबराचा बिल्ला ठोकला होता. दर वर्षी ते झाडांचा घेर मोजत. आज चारशे बारा काही केल्या सापडेना. वहीत मात्र ते होतं: जिवंत, छातीच्या उंचीवर घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

"तुम्ही उभे आहात तिथंच असायला हवं," मदतनीस मामा म्हणाले.

सर बाजूला सरकायला गेले. पाय उचलेना.

मामांनी सवयीने त्यांच्या छातीभोवती टेप फिरवली. "चौऱ्याण्णव. बरोबर."

"मामा, चेष्टा पुरे."

मामांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पिशवीतून बिल्ला, हातोडी आणि खिळा काढला.

"पुरा ठोकायचा नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "सरांनीच शिकवलंय. झाडाला वाढायला जागा ठेवायची."