भरीव खांदा

"काका, ती वाजवायची असते. उशाला घ्यायची नसते," दुकानदार म्हणाला.

काकांना ऐकू गेलं नाही. खुर्चीत वाकून त्यांनी काळ्या गिटारच्या खांद्यावर अख्खा जबडा टेकवला होता. डोळे मिटलेले. अंगठ्याने जाड तार एकदाच छेडली आणि ते वाट बघत राहिले.

"त्यांची सवय आहे ती," शेजारी उभी असलेली बायको म्हणाली. "तुम्ही पुढची काढा."

दुकानदाराने आल्या आल्या दोन्ही खांदे कापलेली, शिंगांची गिटार पुढे केली होती. हलकी, हात पार बारीक सुरांपर्यंत लोण्यासारखा जातो म्हणाला. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. सिंगल कट दाखवा. म्हणजे खालचा खांदा हातासाठी कापलेला आणि वरचा गोल, भरीव.

"तोच का पण?"

"आवाज भरदार असतो," तिनेच उत्तर दिलं. नवऱ्याचं तोंड दुकानदाराकडे नव्हतं, तेव्हा त्याला प्रश्न कळणार नव्हता.

खरं कारण तिला ठाऊक होतं. ते आपल्याला ठाऊक आहे, हे मात्र तिने त्याला कळू दिलं नव्हतं. घरातल्या जुन्या गिटारच्या शिंगावर दातांच्या खुणा होत्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा तिला वाटलं, उंदीर. तिने पिंजरा आणला, पावाचा तुकडा लावला. तोही गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मोठा दिसतोय." मग एका दुपारी ती लवकर घरी आली. तो पाठमोरा बसला होता, शिंग दातांत घट्ट धरून, तार छेडत. तिने हाक मारली. परत मारली. मग पावलं न वाजवता बाहेर आली. वाजली असती तरी चाललं असतं, हे तिला जिन्यात सुचलं.

गेल्या आठवड्यात त्याचा पुढचा दात तुटला. पाव खाताना तुटला, म्हणाला. कानांनी न येणारा सूर हाडातून यायचा; आता दातांऐवजी जबडा टेकवायला भरीव खांदा हवा होता.

आणि ऑर्केस्ट्रावाल्याने बजावलं होतं, उद्याच्या तालमीत पुन्हा गाण्यात उशिरा शिरलात तर घरीच बसा. वायर बदलून झाली होती, तारा बदलून झाल्या होत्या, अँप दुरुस्त करून आणला होता. दोष द्यायला आता गिटारच उरली होती. कानाच्या डॉक्टरचा विषय काढला की तो चपला घालून बाहेर पडायचा.

"सूर लगेच मरतो," काळी परत देत तो म्हणाला.

लाल आली. जबडा, अंगठा, तार. "ही पोकळ आहे."

"वजन कमी व्हावं म्हणून आतून पोखरतात," दुकानदार म्हणाला. "पण काका, अँपला जोडून बघा की. सुकी वाजवून काय कळणार?"

"जोडू नका," ती घाईने म्हणाली. जोडली असती तर सगळ्या दुकानाला ऐकू आली असती, त्या एकट्याला सोडून.

मग पिवळी आली. इतकी जड, की मांडीवर ठेवताना त्याच्या तोंडून हुंकार निघाला. त्याने जबडा टेकवला. डॉक्टर तपासत असताना आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तशी ती बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने पुन्हा छेडली. पुन्हा. गालफड इतकं दाबलं, की कातडीला वळी पडली.

"काळी द्या परत!" तो म्हणाला. आपण हळू बोललो असं त्याला वाटलं असावं. बासऱ्या बघणारं गिऱ्हाईक दचकून वळलं.

पुन्हा काळी, पुन्हा लाल, पुन्हा पिवळी. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे बघितलं. तिने नजर दिली नाही.

नवऱ्याने डोळे उघडले. ते भरले होते.

"तू ऐक," तो तिला म्हणाला. "माझं आज लक्ष लागत नाहीये. खालच्या टोकाला कान लाव. कुठवर घुमते ते सांग."

ती गुडघे करकरवत फरशीवर बसली. पिवळ्या लाकडाच्या दुसऱ्या टोकाला तिने गाल लावला. इकडे ती, तिकडे तो, मधे तारा. लाकूड गार होतं आणि त्याला नव्या पॉलिशचा वास होता.

त्याने तार छेडली. तिच्या गालात सूर भरला, मग ओसरत गेला, बारीक झाला, संपला. वर तो डोळे मिटून बसला होता. वाट बघत.

तिने तोंड वळवलं आणि ओठ लाकडाला लावले.

"अहो," ती म्हणाली, "मला माहीत आहे. तो उंदीर नव्हता."

त्याच्या भुवया वर गेल्या.

"ऐकलंस?" तो ओरडला. "अगं, अजून घुमतेय!"

तार केव्हाच थांबली होती. दुकानदाराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने खालूनच त्याच्यापुढे बोट धरलं.

"घुमतेय," तो म्हणत होता. "अजून. अजून आहे."

तिने ओठ उचलले नाहीत. जिन्यातला गेलेला बल्ब, संपत आलेला गॅस, शेजारणीची खोड, जे सुचेल ते ती लाकडाला सांगत राहिली.