अठरा पावलं

एकोणीस, वीस, एकवीस. डोळे मिटून, डावा हात भिंतीवर ठेवून अग्निशमन खात्याचे निरीक्षक वृद्धाश्रमाच्या बोळातून चालत होते. आगीच्या आधी धूर येतो, आणि धुरात डोळे असून नसल्यासारखे. म्हणून कुठलीही इमारत ते शेवटी अशीच तपासत. बाहेरची वाट हाताला सापडली, तरच सही. ऑफिसात त्यांना 'कोशिंबीर साहेब' म्हणत. आंधळी कोशिंबीर खेळायचा सरकारी पगार घेतो म्हणे! म्हणोत बापडे.

दुपार पेंगुळलेली होती. कुठल्या तरी खोलीत रेडिओ हलकेच गात होता. फिनेलचा वास येत होता, आणि खिडक्यांचं ऊन पापण्यांवरून एकामागून एक सरकत होतं. असं चाललं की बोळ लांबत जायचा, आणि निरीक्षक त्यातून अलगद स्वतःच्या घरात शिरायचे. नोकरी नवी होती तेव्हा ही चाल ते घरीच शिकले होते. आई त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची, दारात उभी राहून मोठ्यानं पावलं मोजायची, आणि ते स्टुलाला अडखळले की खो खो हसायची. "अहो साहेब, जळालात की!"

आज ते हसू आठवलं. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं, दुसरं काय म्हणायचं? चहात साखरेऐवजी मीठ पडत होतं. खुंटीवरच्या कोटाला ती "जेवलास का रे?" विचारत होती. आणि मागच्या आठवड्यात शेजारणीनं सांगितलं, "तुमच्या आई भरदुपारी जिन्यात उभ्या होत्या हो. डोळे मिटलेले! झोपेत चालतात की काय?" तेव्हापासून निरीक्षक घराला बाहेरून कुलूप लावून कामावर येत होते. काळजावर दगड ठेवून त्यांनी आईसाठी याच वृद्धाश्रमात जागाही विचारून ठेवली होती.

बाविसाव्या पावलाला हाताला एक दार लागलं. मग कडी लागली. बाहेरून. त्यांनी डोळे उघडले.

"हीच तुमच्या आईंची खोली," मागून येणाऱ्या व्यवस्थापिकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "उजेड बघा किती छान येतो. आणि कडी मुद्दाम बाहेरून बसवली, भटकणाऱ्यांसाठी. त्यांच्याच भल्यासाठी हो."

"माणूस आत आणि कडी बाहेर, हे चालत नाही, बाई," निरीक्षक म्हणाले. सव्वीस वर्षं ते हेच सांगत आले होते. "धूर आला तर आतल्यानं कुणाच्या नावानं हाका मारायच्या?"

त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं, सही केली, आणि पेन ठेवायला खिशात हात घातला. बोटांना किल्ली लागली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! निरीक्षक तसेच वळले. निघाले ते जवळजवळ धावतच.

रस्ता संपता संपेना. दुकानं, खांब, माणसं सगळी उन्हात तरंगल्यासारखी मागे जात होती. जिना ते दोन-दोन पायऱ्यांनी चढले. कुलूप काढलं.

दार उघडलं तर आई दाराशीच जमिनीवर बसलेली. डोळे मिटलेले, डावा हात भिंतीवर.

"आई!"

तिनं डोळे उघडून मान वळवली. नजर त्यांच्या चेहऱ्यावर नाही, खांद्याच्या जरा पलीकडे स्थिरावली.

"आज लवकर आलास? बरं झालं. अरे, डोळे चाललेत माझे, डोकं नाही. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही. म्हटलं, पुरता अंधार व्हायच्या आत तुझी ती चाल पाठ करून ठेवावी. मागच्या आठवड्यात जिन्यापर्यंत पोचलेही होते की."

निरीक्षक तिच्याशेजारी खाली बसले. तिचा हात हातात घेतला. डोळ्यांतलं पाणी तिला दिसत नव्हतं, याचंच जास्त रडू येत होतं.

"पलंगापासून दारापर्यंत अठरा पावलं," आई म्हणाली. "रोज बरोबर भरतात रे. पण दार काही उघडत नाही. घे तुझा तो कागद, आणि लिही, हे घर नापास."