हलू नका, साहेब

"हलू नका, साहेब," केझाया पेक म्हणाली. सकाळपासून हे वाक्य घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

सिनेटर ब्रॅडिश खुर्चीत बसले होते. डोक्यावर काचेचं छप्पर, मानेमागे लोखंडी चिमटा आणि समोर केझायाचा कॅमेरा. त्यांना आयुष्यात कुणी 'हलू नका' म्हटलंच नव्हतं. फोटोच्या पहिल्या काचेच्या वेळी ते बोलतच राहिले, तर तोंडाच्या जागी नुसतं धुकं आलं. दुसऱ्या वेळी खाली रस्त्यावरून कुणीतरी "ब्रॅडिशसाहेबांचा विजय असो!" असं ओरडलं आणि साहेबांचा हात आपोआप वर गेला. त्या काचेवर साहेबांना तीन हात आले.

आता तिसरी काच. काच ओली असते तोवरच चित्र धरते, सुकली की संपलं. आणि धक्क्यावर साहेबांच्या आगबोटीची पहिली शिट्टी तर केव्हाच होऊन गेली होती.

"एवढ्या वेळात साहेबांचं तैलचित्र झालं असतं," त्यांचा चिटणीस गेज म्हणाला.

"मग न्या की चित्रकाराकडे. तो हलणाऱ्या माणसालाही दोनच हात काढतो."

अंधाऱ्या खोलीच्या दारातून लेम्युएलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, डोळे वटारले आणि तिसरी काच देऊन दार लावून घेतलं. लेम्युएल पक्का ब्रॅडिशभक्त. आज चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून तो काचांना औषध लावत होता! फोटो काढायची केझाया, पण कार्डाखाली नाव छापलं जायचं 'लेम्युएल पेक'. कालच मात्र तो म्हणाला होता, "साहेबांचं जोडचित्र जमवलंस ना, तर त्याच्याखाली तुझं नाव घालू." केझायानं ते नाव मनातल्या मनात वळणदार अक्षरांत छापूनही टाकलं होतं.

जोडचित्र म्हणजे एकाच बैठकीची दोन चित्रं. एक काढायचं, कॅमेरा फळीवरून चार बोटं सरकवायचा, दुसरं काढायचं. एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या. दोन भिंगांच्या पेटीतून पाहिलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि माणूस कागदातून उठून समोर येऊन बसतो. फक्त तेवढा वेळ त्यानं दगड व्हायला हवं.

"साहेब, दोन चित्रं काढणार आहे. पहिलं झालं की मी कॅमेरा सरकवीन आणि..."

"दोन. कळलं हो, बाई. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

केझायानं भिंगावरचं टोपण काढलं. साहेब बसले, आणि काय बसले! हनुवटी वर, भुवया जुळलेल्या, मूठ गुडघ्यावर. श्वासही घेत नव्हते. तिला वाटलं, जाऊन या माणसाच्या गालाचा मुका घ्यावा. तिनं टोपण लावलं, खाली वाकून कॅमेरा सरकवला, काच पुढच्या खाचेत ढकलली, टोपण काढलं आणि मान वर केली.

साहेब हसत होते. मान चिमट्यातून सुटली होती, चेहरा दुसऱ्या खांद्याकडे वळला होता, मुठीचा तळवा होऊन छातीवर गेला होता.

टोपण लावून आता उपयोग नव्हता. काचेनं पाहायचं ते पाहिलं होतं.

"साहेब! हललात तुम्ही!"

"छे! मी बैठक बदलली. दोन चित्रं म्हणालात ना?"

"दोन, पण एकसारखी! दोन्ही मिळून एक माणूस होतो!"

"एकसारखी दोन काढून करायचं काय?" ब्रॅडिश खरोखरच बुचकळ्यात पडले. "नदीच्या अल्याड लोकांना गुलामगिरी नको. त्यांना माझा करारी चेहरा लागतो. पल्याड केंटकीत ज्याच्या त्याच्या शेतावर गुलाम. त्यांना हसरा. बाई, वीस वर्षांत दोन्ही काठांना मी एकच चेहरा कधी दाखवला नाही. मला तर वाटलं, काय झकास युक्ती काढलीय या बाईनं!"

"आणखी एकच काच, साहेब. हात जोडते."

दुसरी शिट्टी झाली. गेजनं कोट पुढे धरला. साहेबांनी दोन्ही हातांनी तिचा हात दाबला, "छान काढलंत हं," म्हणाले आणि धडाधड जिना उतरले. खाली पुन्हा जयजयकार झाला.

केझायानं टोपण भिंतीवर भिरकावलं. तोवर जयजयकार ऐकून बाहेर आलेला लेम्युएल काच घेऊन अंधाऱ्या खोलीत पळालाही होता. तिथूनच त्याचा आवाज आला, "काय स्पष्ट आलेत गं! एकही हात जास्त नाही!"

दुपारपर्यंत त्यानं चित्रं उन्हात कागदावर उतरवली, कार्डावर चिकटवली आणि कार्ड पेटीत बसवलं. केझाया जवळसुद्धा गेली नाही. लेम्युएलनं पेटी डोळ्यांना लावली आणि त्याचा हात आपसूक हवेत पुढे गेला.

"पडद्याचे गोंडे बघ! ओढावेसे वाटतात! आणि खुर्ची... आणि साहेब..."

त्यानं पेटी खाली घेतली, भिंगं कोटाच्या बाहीनं पुसली, पुन्हा पाहिलं. डावा डोळा मिटला. उजवा मिटला. मग दोन्ही उघडले.

"साहेब थरथरताहेत," तो म्हणाला. "जागेवर ठरतच नाहीत. नाक इथं, नाक तिथं..."

"लेम, अरे, त्यांनी मधेच तोंड..."

"थांब जरा!" तो खिडकीशी गेला. उजेडात पेटी जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते पुसून तिच्याकडे वळला. चेहरा पार उतरला होता.

"माझे डोळे गेले गं," लेम्युएल म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊन येतो. तू तोवर तुझं नाव छापायला घे."